उणे चार

"मशीन थांबली?" अनंतराव सर दारातूनच ओरडले. लातुरातल्या त्यांच्या क्लासात पंखा थांबलेला चालतो, मशीन थांबलेली चालत नाही.

"थांबली न्हाई सर, मीच थांबवली," धम्मानंद म्हणाला.

उत्तरपत्रिका तपासणारं ते यंत्र क्लासच्या कॉम्प्युटरला त्यानंच जोडलं होतं. यंत्रासोबत आलेल्या लायब्ररीचा, म्हणजे तयार प्रोग्रामचा, रिवाज साधा होता. कागद वाचता आला तर गुण द्यायचे, नाही आला तर उणे आकडा. उणे चार म्हणजे कागद तिरका गेला. धम्मानंदनं मात्र येईल तो आकडा गुण समजून पुढं ढकलला. चुकीच्या उत्तराला गुण कापतातच, त्यामुळं उणे चार कुणाला खटकले नाहीत. त्यात ते पडले रूपालीला, पोरगी इस्लापूरची. गावाकडची म्हटल्यावर सगळ्यांना ते लगेच पटलं. तिला वरच्या बॅचमधून काढलं आणि ती बॅग भरून घरी गेली.

आता त्यानं चूक सुधारली होती. उणे आकडा आला की प्रोग्राम एक्सेप्शन टाकायचा, म्हणजे काम जागीच थांबायचं आणि पडद्यावर यायचं, 'कागद तिरका गेला, पुन्हा घाला.' जुने कागद घातले, तर मशीन रूपालीच्या कागदावर थांबली. त्यानं तो सरळ करून घातला. एकशे ऐंशीपैकी एकशे एक्कावन्न. बॅचमध्ये सगळ्यांत जास्त.

"तिला परत बोलवू सर."

"जागा भरली की रे. अन् मशीन चुकती हे बाहेर गेलं तर संपलंच सगळं. थांबवू-बिंबवू नको. एरर आला की शून्य टाक, पुढं चल."

धम्मानंदला स्वतःचीच किळस आली. तरी त्यानं प्रोग्राममध्ये एररला शून्य टाकलं आणि मग बाहेर येऊन रूपालीला फोन लावला.

"त्या पेपरात तुझे गुण चुकले, अन् चूक मशीनची नव्हती, माझी होती," त्यानं सांगून टाकलं.

"मंग मी परत येऊ सर?"

"अनंतराव सर म्हणून राहिले, जागा भरली."

"हाव." ती म्हणाली. "किनवटला बी.ए.ला नाव घातलंय सर. मला डॉक्टरकीचं जमतच न्हाई, असं सांगून बाबाला समजावलं. आता कुठं जेवून राहिलेत ते. खरे किती पडले होते?"

आकडा त्याच्या ओठांवर आला होता.

"लई न्हाई," तो म्हणाला. "काठावरच होते."

"मंग ठीक हाय," रूपाली म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला.