चौसष्ट सालची बाटली

शहाण्णवच्या ऑक्टोबरात कर्नल शशिकांत दळवींचं रेडिएशन संपलं. नाकामागे, घशाच्या वरच्या टोकाला निघालेली गाठ विरली, पण तिच्याबरोबर वास आणि चव दोन्ही गेली. भात खाल्ला काय नि ओला कागद चावला काय, सारखंच, असं ते एकदा म्हणाले आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. पानात वाढलेलं सगळं ते निमूट संपवत. सरलाबाईंना तेच बघवत नसे.

जानेवारीत स्पेनहून पत्र आलं. इग्नासिओचं. नव्वद साली मध्य अमेरिकेत संयुक्त राष्ट्रसंघाचे निरीक्षक म्हणून दोघं आठ महिने एका जीपमधून फिरले होते. निघताना इग्नासिओने आपल्या वडिलांच्या तळघरातली, त्यांनीच बनवलेल्या रेड वाइनची एक बाटली शशिकांतना दिली होती. चौसष्ट सालची, कारण शशिकांत त्याच वर्षी फौजेत अधिकारी झाले होते. निवृत्तीच्या दिवशी उघड, असं त्याने सांगितलं होतं. तो दिवस इस्पितळात गेला.

आता इग्नासिओने लिहिलं होतं, वडील गेले. अखेरपर्यंत विचारत होते, ती बाटली हिंदुस्थानात नीट पोचली का. त्या सालची दुसरी बाटली आता कुणाकडे नाही. उघडली असशील तर कशी होती ते कळव.

बाटली कोठीच्या खोलीत, काळ्या ट्रंकेत, फौजी कांबळ्यात गुंडाळलेली होती. सरलाबाईंच्या घरात दारू येत नसे. त्यांचे वडील आत्माराम, कुडाळचे शाळामास्तर, दारूपायी गेले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. लग्नात त्यांनी शशिकांतना एकच अट घातली होती आणि शशिकांतनी ती पाळली होती. काय प्यायचं ते मेसमध्ये. या एका बाटलीसाठी त्यांनी बायकोची रीतसर परवानगी मागितली होती.

रविवारी दुपारी त्यांनी ती बाहेर काढली आणि अंगणात उन्हात खुर्चीवर मांडीवर घेऊन बसले. छावणीतल्या रस्त्यावर शुकशुकाट होता.

"उघडून तरी मी त्याला काय लिहिणार?" ते म्हणाले.

मुलगी देविका कॉलेजात शिकत होती; उत्तरेकडच्या छावण्यांत वाढल्याने तिच्या तोंडी हिंदीच असे. ती पायरीवरून म्हणाली, "पापा, मैं चखकर बता दूँ?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात सरलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मी बघते," त्या म्हणाल्या.

दोघंही त्यांच्याकडे पाहत राहिली. शशिकांत म्हणाले की त्याची काही गरज नाही, ते इग्नासिओला आजाराचं खरं काय ते कळवतील.

"त्याने आजाराचं नाही विचारलेलं," सरलाबाई म्हणाल्या. "आणि वासाचं मला कळतं. अठ्ठावीस वर्षं तुमचा स्वैपाक करतेय."

बूच अर्ध्यात मोडलं. उरलेलं आत ढकलावं लागलं. देविकाने चौकातल्या बाजारातून कुर्त्यासाठी आणलेली मलमल फाडून दिली, तिच्यातून वाइन काचेच्या भांड्यात गाळली. फडक्यावर काळपट गाळ राहिला. वाइन लाल नव्हती, जुन्या विटेच्या रंगाची होती आणि कडेला नारिंगी.

सरलाबाईंनी पेला उचलला आणि तोंडाजवळ नेऊन थांबल्या. मग डोळे मिटून एक घोट घेतला.

"बिघडलीय?" शशिकांतनी विचारलं. "खरं सांग."

"आंबट आहे. आणि बंद कपाटासारखा कुबट वास येतोय."

ते म्हणाले, इतकी जुनी वाइन लगेच प्यायची नसते, तिला वारा लागू द्यावा लागतो, असं इग्नासिओ सांगायचा. तिघं तशीच बसून राहिली. अर्ध्या तासाने सरलाबाईंनी पुन्हा पेला घेतला. या वेळी त्यांनी घाई केली नाही.

"सुकं खोबरं," त्या म्हणाल्या. पुन्हा वास घेतला. "नुकतं किसलेलं. आणि शेपू."

"शेपू मतलब?"

"इकडचा सोया गं, सोया-मेथीच्या भाजीतला." त्यांनी घोट घेतला. "आंबटपणा आहे, पण आता कोकमासारखा लागतोय. मागून सुकं अंजीर येतं. आणि चामडं. तुमच्या जुन्या होल्डॉलच्या पट्ट्यांना येतो तसा वास."

शशिकांत खुर्चीत सरळ झाले. इग्नासिओचे वडील अमेरिकन ओकची पिंपं वापरत, खोबरं त्या लाकडातून येतं, हे त्यांनी इग्नासिओकडून ऐकलं होतं. एका पालेभाजीचाही वास असतो म्हणे, पण तिचं इंग्रजी नाव त्याला आठवत नसे.

मग त्यांनी पेल्यासाठी हात पुढे केला. घोट तोंडात धरून ठेवला, गिळला. बायको आणि मुलगी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"चव नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण जीभ आखडली. जांभूळ खाल्ल्यावर आखडते तशी."

चार महिन्यांत त्यांच्या तोंडाने त्यांना सांगितलेली ती पहिली गोष्ट होती. त्यांनी पेला खाली ठेवला आणि चष्मा काढून हातात धरला. देविका उठून आत गेली.

चारच्या सुमाराला सरलाबाईंनी शेवटचा घोट घेतला आणि म्हणाल्या, आता वास उडाला, नुसतं आंबट पाणी लागतंय. एवढ्या जुन्या वाइनचं असंच होतं, ते म्हणाले. मग त्यांनी हळूच विचारलं, तुला त्रास झाला का.

"मला वाटलं होतं, बाबांच्या अंगाला यायचा तोच वास येईल," त्या म्हणाल्या. "नाही आला."

पत्र त्यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं, सरलाबाईंना शेजारी बसवून, त्यांचे शब्द एकेक करून. आपला आजार शेवटच्या दोन ओळींत उरकला. कोकमाला इंग्रजी शब्द सापडेना, तो तसाच ठेवला.

मार्चमध्ये उत्तर आलं. इग्नासिओने पत्र आपल्या आईला वाचून दाखवलं होतं. तिने ते दोनदा वाचायला लावलं आणि कोकम म्हणजे काय ते विचारलं. सरलाबाईंनी आमसुलांची छोटी पुडी बांधून पाठवून दिली.

उन्हाळ्यात शशिकांतना मीठ थोडंथोडं कळू लागलं. गोड मात्र पुन्हा कधी कळलं नाही.