पट्टी बांधलेला शिपाई

इझाबेलला जखमांची किळस अशी कधी आलीच नव्हती. छत्तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई ती. गळवं फोडली, भाजलेल्या अंगाला चिकटलेले कपडे थेंब थेंब पाणी सोडून सोडवले, किडे पडलेली जखम टर्पेंटाइन ओतून साफ केली, आणि घरी येऊन त्याच हातांनी बोंबलाचं कालवण भाताबरोबर कालवून जेवली. नंदाखाल गावच्या बायका म्हणायच्या, हिला पोट आहे की पेटी?

पण तिच्याच घरात, ओटीवर, तिच्या मुलाच्या, केनीच्या टेबलापाशी चहा ठेवायला गेली की तिला बघवायचं नाही. कप काठावर ठेवायचा आणि मान वळवून परत फिरायचं.

टेबलावर शिपाई उभे असत. अंगठ्याएवढे, प्लास्टिकचे, कुठल्याशा दूरच्या ग्रहावरचे. खोक्यातून येत तेव्हा ते करडे सुटे तुकडे असत, हात वेगळे, डोकी वेगळी. खोक्यावर दाखवलंय तसे जोडून मोकळं व्हावं, तर ते नाही. केनी याचं मुंडकं काढून त्याच्या धडावर बसवी, हात मनगटापासून छाटून तिथे पकड चिकटवी, पोटाला पातीने चीर पाडून आत मळलेल्या पुटीच्या लगद्याची आतडी भरी. मग एवढ्याशा ब्रशने त्यांवर पिवळा पू, हिरवी बुरशी, ओघळलेला गंज. या शिपायांना म्हणे कुठल्या ग्रहावर रोग लागला होता आणि ते सडत सडतच लढत होते.

"मरत कसे नाहीत मग?" तिने एकदा विचारलं होतं.

"मेले तर खेळ संपेल ना, मम्मी."

एक्केचाळीस वर्षांचा मुलगा, माणिकपूरला ऑफिसात बसणारा, बायकोचा नवरा. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की खोकं काखेत मारून एव्हरशाईन सिटीत मित्राच्या, जितेंद्रच्या फ्लॅटवर जायचा. तिथे चौघे-पाचजण मोठ्या टेबलावर ही रोगट पलटण मांडत, टेपने अंतर मोजत, फासे टाकत आणि एकमेकांचे शिपाई मारत. तिला खेळाचं काही वाटत नव्हतं. पुरुष पत्ते खेळतात, दारू पितात, त्यापेक्षा हे बरं. पण हौसेने पू रंगवायचा?

तिच्या लहानपणी डिसेंबर लागला की पोरं बांधावरची चिकट माती आणून नाताळच्या गव्हाणीतली मेंढरं करायची. विहिरीच्या कठड्यावर ओळीने वाळत ठेवायची आणि डोळ्यांच्या जागी मिऱ्यांचे दाणे खोचायची. एखाद्या मेंढराचा पाय वाळताना तुटला तर तिची धाकटी बहीण रडायची. तुटकं मेंढरू गोठ्यात मागच्या बाजूला, गवतात बसवायचं, म्हणजे पाय दिसायचा नाही. हात त्या वेळचेही चिखलाचेच, पण असं ओंगळ नव्हतं काही.

आणि टेबल होतं ते नेमकं फेबियनच्या खाटेच्या जागी. फेबियन, तिचा नवरा, जाऊन दोन वर्षं झाली होती. उजेड चांगला म्हणून त्याची खाट ओटीवर आणली होती, केळीच्या बागेकडच्या खिडकीखाली. सात महिने तो तिथे झोपला. खाट गेल्यावर जागा तशीच राहिली होती. एक दिवस केनीने तिथे टेबल आणलं. म्हणाला, उजेड चांगला आहे.

शनिवारी दुपारी जितेंद्र आला. दुसऱ्या दिवशी वसई पूर्वेच्या एका हॉलमध्ये या लोकांचं प्रदर्शन होतं, रंगवलेल्या शिपायांची स्पर्धा. कापून जोडून बदललेल्या शिपायांचा वेगळा गट होता, आणि त्यात केनीचा एक शिपाई जाणार होता. तीन आठवडे तो त्याच्यावर बसला होता. उरलेली पलटण कपाटात गेली होती आणि हा एकटा उलट्या पेल्याखाली झाकलेला असायचा.

"आंटी, तुमच्या मुलाने या वेळी आमचं जेवण बंद करायचं ठरवलंय," जितेंद्र पायरीवर बूट काढता काढता म्हणाला. "ग्रुपवर नुसता पायाचा फोटो टाकला याने. माझ्या बायकोने मोबाइल उलटा ठेवला."

"तुझी बायको तुझी दाढी बघून पण उलटा ठेवत असेल," केनी म्हणाला.

इझाबेलने चहा आणि नानकटाई आणली. सून क्रिस्टिना दारातच थांबली, नेहमीसारखी पुढे आली नाही. केनीने पेला उचलला.

"अरे बाप रे," जितेंद्र हळू आवाजात म्हणाला. मग त्याने भिंगाचा दिवा ओढून घेतला, शिपायाला तळाच्या लाकडी ठोकळ्यासकट उचललं, फिरवलं. "बूट कापलास तू. लोखंडी बूट कापून आतला पाय बनवला. हे कसं सुचतं रे तुला?" आणि मग तिच्याकडे वळून, "आंटी, तुम्ही नर्स होतात ना? बघा ना जरा, जमलंय का याला. तुम्हीच खऱ्या जज."

"नको," केनी म्हणाला. "मम्मीला नाही आवडत हे."

तो जरा जास्तच घाईने म्हणाला. त्यामुळेच असेल, इझाबेलने पदराला चष्मा पुसला आणि ठोकळा हातात घेतला.

आधी बघितलं ते नर्सच्या डोळ्यांनी, त्याला तिचा इलाज नव्हता. एका पायात लोखंडी बूट, दुसरा उघडा. तिसरं बोट काळं पडलेलं, कोरडं, सुकलेल्या खारकेसारखं. दुसरं बोट नाहीच, तिथे टाक्यांची कड. करंगळीच्या खाली, तळव्याच्या बाजूला काजूच्या बीच्या आकाराची जखम, कड पांढरट, मध्ये गुलाबी. गुलाबी आहे म्हणजे भरतेय, तिच्या मनात आलं. कडेला लाली नाही, म्हणजे पसरत नाही. चांगलं आहे.

मग तिला अंगठा दिसला.

अंगठ्याचं नख मधोमध उभं चिरलेलं होतं. त्या चिरेचा रोगाशी काही संबंध नव्हता. एकोणीसशे सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात विहिरीवरचा पंप उतरवताना फेबियनच्या पायावर पडला होता. नख गेलं, आणि परत आलं ते असं दोन फाकांचं. पुढे पस्तीसएक वर्षं तसंच वाढलं. दर शनिवारी तो पायरीवर बसून ते कापायचा आणि म्हणायचा, एकाच्या भावात दोन नखं. केळीच्या पाटातून अनवाणी फिरणारा माणूस, चपला फक्त मिस्साला. तो पाय तिला अंधारात हाताने ओळखता आला असता.

तिने ठोकळा टेबलावर ठेवला. हात साडीला लावला नाही, बाजूला धरला.

"जमलंय," ती जितेंद्रला म्हणाली. "चहा घ्या, गार होतोय."

"नेटवर असले फोटो मिळतात?" जितेंद्रने केनीला विचारलं.

"माझ्याकडे होते," केनी म्हणाला.

इझाबेल मोरीत गेली. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. मग वाकून उलटी केली, आणि पुन्हा धुतले.

होते, खरंच होते त्याच्याकडे. सात महिने, रोज सकाळी आठ वाजता तीच तर त्याला हाक मारायची. ती फेबियनच्या साखरेने सडलेल्या पायाची पट्टी सोडायची, गॉझ भिजवून अलगद काढायची, आणि डॉक्टरला पाठवायला केनी फोटो काढायचा. दारातूनच. एका हाताने नाकाला रुमाल, दुसऱ्या हातात मोबाइल, नजर मोबाइलवर. एक फोटो, की हा पायऱ्या उतरून बागेत. एकदाही आत आला नाही. एकदाही म्हणाला नाही की मम्मी, तुझी कंबर धरलीय, आज मी करतो. फेबियन मात्र आठ वाजायच्या आधी केस विंचरून बसायचा. "फोटोत पाय येणार आहे, टाळकं नाही," ती म्हणायची. "असू दे," तो म्हणायचा, "फोटोग्राफर घरचा आहे." आणि केनी गेल्यावर हळूच, "त्याला बोलावू नकोस गं रोज. पोराला वास सहन होत नाही."

ती बाहेर आली तेव्हा जितेंद्र निघून गेला होता. केनी टेबलापाशी उभा होता, पेला हातात घेऊन.

"मी याला सांगितलं होतं, मम्मीला कळेल," क्रिस्टिना दारातून म्हणाली.

"म्हणजे तुलाही माहीत होतं." इझाबेलने सुनेकडे बघितलंही नाही. "पुसून टाक ते, केनी."

"मम्मी, तीन आठवडे लागले याला."

"मला सात महिने लागले."

केनीने पेला खाली ठेवला. "कुणाला कळणार आहे तिथे? त्यांच्यासाठी तो नुसता शिपाई आहे."

"तुझ्यासाठी कोण आहे?"

केनीने शिपायाकडे बघितलं. मग म्हणाला, "मी तेव्हा नीट बघितलंच नव्हतं. फोटो काढायचो, पाठवून द्यायचो. आता मोठे करून करून बघितले. एकेक रंग बघितला. मला वाटलं, निदान आता तरी."

"तेव्हा किळस येत होती तुला."

"हो."

"ती आता कुठे गेली?"

केनी खोटं बोलणारा मुलगा नव्हता, तेच वाईट झालं. "प्लास्टिकला वास येत नाही, मम्मी," तो म्हणाला.

इझाबेल खुर्चीवर बसली. इतकी वर्षं माणसांच्या अंगातून जे जे बाहेर येतं ते सगळं तिने बघितलं होतं, पण या एका वाक्याइतकी किळस तिला कशाचीच आली नव्हती. जिवंत पायाला नाक दाबलं, आणि तोच पाय अंगठ्याएवढा करून, वास काढून टाकून, भिंगाखाली धरून तीन आठवडे हौसेने रंगवला. उद्या हॉलमध्ये लोक वाकून बघतील. मोबाइल काढतील. कुणी म्हणेल, काय घाण आहे, भारी आहे. फेबियनने परक्या माणसासमोर पायावरची चादर कधी सरकू दिली नव्हती. फादर घरी कम्युनियनची भाकर घेऊन यायचे तेव्हाही आधी विचारायचा, पाय झाकलाय ना?

हात पुढे करून तो शिपाई उचलावा आणि विहिरीत टाकावा, एवढंच तर करायचं होतं. तिने उचललाही. पण तिचा हात तिथेच राहिला. दुसरं बोट कापलं तेव्हा तेसुद्धा तिने हॉस्पिटलच्या बादलीत जाऊ दिलं नव्हतं. ओळखीच्या सिस्टरच्या हातापाया पडून, गॉझमध्ये गुंडाळून घरी आणलं आणि चर्चच्या दफनभूमीत घरच्या कबरीत एक वीतभर उकरून ठेवलं. बोट आधी गेलं, माणूस चार महिन्यांनी. त्या माणसाचा पाय विहिरीत कसा टाकायचा? पुसून तरी कसा टाकायचा? नख तर त्याचंच होतं, केस न् केस त्याचंच.

"झाक तो," ती म्हणाली.

"कसा?"

"कसा म्हणजे? जखम झाकतात कशाने?"

केनीने तिच्याकडे बघितलं. मग ड्रॉवर उघडला. टिश्यू पेपरचा एक पदर सुटा केला, पातीने त्याच्या तांदळाच्या दाण्याहूनही बारीक रुंदीच्या पट्ट्या कापल्या, पाण्यात गोंद कालवला आणि चिमटा घेतला. पहिली पट्टी त्याने घोट्यावर टेकवली.

"तिथून नाही. बोटांकडून वर. रक्त खालून वर जायला हवं."

"मम्मी, याला रक्त—"

"बोटांकडून."

त्याने पट्टी सोडली आणि बोटांपाशी धरली. काळं बोट झाकलं गेलं. टाक्यांची कड झाकली गेली. पट्टीला सुरकुती पडली.

"सोड. सुरकुती रुतते, तिथे नवीन फोड येतो. परत."

त्याने परत केलं. तिसऱ्या वेळी ती नीट बसली. तिरपा वेढा तळव्याखालून आला, काजूच्या आकाराची ती जखम दिसेनाशी झाली, घोट्यामागून फिरून पट्टी पुढे आली. केनीचा हात जराही हलत नव्हता. नाकाला रुमाल नव्हता. केवढा सुरेख हात दिलाय देवाने याला, तिच्या मनात आलं, आणि त्या विचारासरशी तिने मान वळवली.

"अंगठा?" केनीने विचारलं. चिमट्यात शेवटची पट्टी होती.

"टोक उघडं ठेवायचं. रंग कळला पाहिजे."

चिरलेलं नख तेवढं बाहेर राहिलं. वर सगळं पांढरं. केनीने ब्रश उचलून पट्टीवर पिवळा डाग द्यायला घेतला, सवयीने, तशी तिने त्याच्या मनगटावर बोट ठेवलं. त्याने ब्रश पाण्यात बुडवून ठेवला.

"उद्या कुणी विचारलं आत काय आहे, तर?" तो म्हणाला.

"सांग, ताजं ड्रेसिंग आहे, उघडायचं नाही. आता उठ. हात धू."

"गोंद आहे नुसता. वाळला की निघतो."

"धू म्हणते ना."

तो मोरीत गेला. ती मागोमाग जाऊन दारात उभी राहिली. केनीने बोटांची टोकं ओली केली आणि नळ बंद करायला गेला.

"कोपरापर्यंत," ती म्हणाली. "बोटांच्या बेचक्यांत. नखांखाली."

त्याने साबण घेतला. तिने सांगितलं तसं, सावकाश, एकेक बोट. पाणी वाहत होतं. फेबियनच्या त्या सात महिन्यांत या नळावर तिच्याशिवाय कुणी असे हात धुतले नव्हते. टॉवेल तिच्या खांद्यावर होता. तो तिने त्याला दिला नाही. त्याने हात शर्टाला पुसले.