बाहेरून लावलेलं कुलूप

मित्रांनो, असं भंगारवाल्याच्या नजरेनं पाहू नका माझ्याकडे. कडं वाकलंय, पोट फुटलंय, सगळं मान्य. पण मी एक जुनं पितळी कुलूप आहे, आणि माझं ऐकून घेतल्याशिवाय मला तराजूत टाकायचं नाही. सांगून ठेवतो.

माझा जन्म अलीगढच्या कारखान्यातला. तिथून आलो थेट जबलपूरला, सराफ्यातल्या शालिग्रामशेठच्या दुकानावर. शेठ मूळचे वर्ध्याकडचे, हाताला कसब आणि स्वभावाला संशय. दुकान बंद केल्यावर मला ओढून बघायचे, चार पावलं जायचे, पुन्हा येऊन ओढायचे. दसऱ्याला तराजू-हातोडीच्या जोडीनं मलाही हळदकुंकू मिळायचं. एकदा चोरांनी माझ्यावर पहार चालवली. त्यांना घाम फुटला, मला नुसता ओरखडा आला! तो ओरखडा शेठ गिऱ्हाइकांना कौतुकानं दाखवायचे. मी छाती फुगवून लटकायचो.

पुढे दुकानाला नवं शटर आलं, शेठही गेले, आणि मी खिळ्यांच्या डब्यात जाऊन पडलो. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! गंज चढत गेला. मला वाटलं, संपलं आपलं.

पण शेठच्या नातीला माझी आठवण झाली. प्रणोती तिचं नाव. नेपियर टाउनमधल्या एका क्लासमध्ये ती केमिस्ट्री शिकवते. नवरा सुमेध रेल्वेत, इटारसीला. सुटी मिळाली की घरी येतो. सासूबाई गुडघ्याच्या दुखण्यानं वर्ध्याला परतल्या, आणि घरात उरली चिमुकली अवंतिका. आत्ता कुठे ती लांब लांब वाक्यं बोलायला लागली होती. नोकरी सोडवत नव्हती आणि लेक कुणाच्या हाती द्यावी ते उमगत नव्हतं. बिचारीची झोप उडाली होती.

शेवटी पोरीला सांभाळायला जबलपूरजवळच्या पाटणकडची विनता मिळाली. बहिणीकडे राहणारी, कमी बोलणारी. प्रणोतीनं तिच्या आधीच्या घरी फोन करून विचारलं, आधार कार्ड पाहिलं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. त्यात समोरच्या हेमलताकाकू मोबाइल घेऊन आल्या.

"तो व्हिडिओ पाह्यला का? बाईनं पोरगी उचलली अन् गायब! तू काहून एवढी बिनधास्त राहून राहिली?"

"काकू, कॅमेरा लावून राहिलो ना आम्ही."

"कॅमेऱ्यात फक्त दिसते, पकडता थोडी येते! आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टरात सगळ्याजणी बाहेरून कुलूप लावूनच जायच्या. आत बाई, आत पोर, चाबी आपल्या पर्समध्ये. चिंताच नाही."

झालं! मला डब्यातून काढलं, घासलं, तेल पाजलं. मी हरखून गेलो हो. पहिल्या मजल्यावरच्या त्या घराला एकच दार, त्यावर लोखंडी जाळीचं दुसरं दार, खिडक्यांना गज. जाळीच्या दाराला बाहेरून मला लटकवलं, तेव्हा विनता आतून म्हणाली, "दीदी, बाहर से मत लगाइए. हमको घबराहट होती है."

"अरे, सेफ्टी के लिए है. कोई अंदर नहीं आएगा."

"और हमको बाहर जाना पड़ा तो?"

प्रणोतीनं घड्याळाकडे पाहिलं. "फोन कर देना ना," म्हणाली आणि किल्ली पर्समध्ये टाकून जिना उतरली.

मित्रांनो, सोन्यावर पहारा देणं सोपं असतं. सोनं दाराशी येऊन उभं राहत नाही. विनता यायची. अवंतिकेला भरवून झालं, निजवून झालं, की जाळीशी उभी राहून रिकाम्या जिन्याकडे बघत राहायची. पिंजऱ्यातल्या पोपटासारखी. प्रणोती तरी कुठे सुखात होती? तीही उतरता उतरता परत येऊन मला ओढून बघायची, अगदी आजोबांसारखी. दोघी एकमेकींना भीत होत्या आणि मधे मी लटकलेला.

आणि तो दिवस आलाच. सकाळी अवंतिकेचं अंग कोमट होतं. क्लासमध्ये परीक्षा, सुटी मिळेना. प्रणोतीनं औषध पाजलं, विनताला सूचना दिल्या, मला लावलं आणि गेली.

दुपारी आतून किंकाळी आली. अजून कानात आहे माझ्या ती. विनता पोरीला छातीशी धरून जाळीशी धावत आली. अवंतिकेचं अंग लाकडासारखं ताठ, डोळे वर गेलेले, तोंडाला फेस. विनता एका हातानं फोन लावत होती. तिकडे परीक्षा चालू, फोन मुका करून ठेवलेला. विनताच्या कानाशी घंटी वाजत राहिली, पलीकडे कुणी उचलेना. मग तिनं दार गदागदा हलवलं. "कोई है? ताला खोलो! अरे, ताला खोलो कोई!"

हेमलताकाकूंनी दार उघडलं आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "हाय राम! क्या किया तूने बच्ची को?"

"कुछ नहीं किया, माताजी! ताला खोलो, डॉक्टर के यहाँ ले जाना है!"

नीलकंठकाका, काकूंचे यजमान, हातोडा घेऊन धावले. घाव घातला. मी हललो नाही. दुसरा घातला. नाही. म्हातारा माणूस, घाव निसटत होते. जन्मभर न तुटण्याचाच तोरा मिरवला होता मी! आता मनात एकच धावा चालला होता, फूट मेल्या, फूट! जाळीपलीकडे अवंतिकेचे ओठ निळे पडत होते, आणि मी मेला घट्टच. तेवढ्यात काकांना गच्चीवरची सब्बल, म्हणजे पहार, आठवली. ती माझ्या गंजलेल्या कड्यात घालून काका-काकू दोघांनी अंगाचा भार टाकला. कड्ड आवाज झाला आणि मी जिन्यावर जाऊन आदळलो.

विनता अनवाणी माझ्यावरून धावत गेली. खाली काकांची स्कूटर सुरू झाल्याचं ऐकलं. मग सगळं चिडीचूप. मी पायरीवर पडून होतो. पोरगी जगली की गेली, कुणाला विचारू? पुढे प्रणोती आली. उघडं दार पाहून तिनं असा हंबरडा फोडला की काय सांगू. काकूंनी दवाखान्याचं नाव सांगितलं, तशी ती आल्या पावली पळाली.

दिवेलागणीला सगळी परतली. अवंतिका आईच्या खांद्यावर झोपली होती. श्वास चालू होता! ताप चढून आकडी आली होती म्हणे, वेळेवर आणली म्हणून बरं झालं. देवा, तुझी कृपा.

विनता मात्र आत शिरली नाही. पायरीवरच बसून राहिली. प्रणोती तिच्याशेजारी बसली. "विनता, आज तू नहीं होती तो..."

"दीदी," विनता म्हणाली, "बिटिया को कुछ हो जाता, तो सब यही पूछते कि अंदर कौन थी. ताला किसने लगाया था, ये कोई नहीं पूछता."

काकू तोंडाला पदर लावून आपल्या घरात निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी विनता आली नाही. उन्हं वर आल्यावर प्रणोती अवंतिकेला कडेवर घेऊन तिच्या वस्तीत गेली. तिथे काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. दोघी बरोबर परत आल्या, एवढं मी जिन्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

मित्रांनो, दुकानाला कुलूप लावा, पेटीला लावा, आमची जात त्यासाठीच जन्मते. पण जित्या माणसावर आम्हाला बाहेरून लावू नका. ज्या हातात लेकरू देता, त्या हातात किल्लीही देता आली पाहिजे. नसेल देता येत, तर बाबांनो, लेकरूही देऊ नका.