काढता येईल असा रंग

विजयश्रीने टेपचा वीतभर तुकडा गाडीच्या बॉनेटवर चिकटवला, अंगठ्याने दोनदा घासला आणि एका झटक्यात उपटला. टेपबरोबर प्रायमरचा नाण्याएवढा पापुद्रा निघून आला. तिने तो प्रभाकररावांसमोर धरला.

"काका, रॅपिंग विसरा."

"लाल फिल्मचा नमुना मागवून ठेवलाय मी."

"ठेवा जपून. ती फिल्म गुळगुळीत, पक्क्या रंगावर बसते. इथे बसवली तर उन्हात फुगेल. सोडवायला गेलात की तुमची पुट्टीसुद्धा घेऊन निघेल."

प्रभाकररावांनी तो पापुद्रा तळहातावर घेतला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेला आणि मान हलवली. एकतीस वर्षं त्यांनी पिंपरीच्या कंपनीत पॅटर्न शॉप, म्हणजे साच्यांचा विभाग, सांभाळला होता. दुसऱ्याला काम कळतं आहे हे ओळखायला त्यांना वेळ लागत नसे.

रहाटणीतल्या त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये ती गाडी. दोन जणांची, बुटकी, एका जुन्या मोटारीच्या सांगाड्यावर आणि इंजिनावर उभी केलेली. अंग सगळं फायबरचं, स्वतः साचे करून ओतलेलं. गाडी चालू होत होती, शेडमधून पुढेमागे जात होती. पण अंगावर कुठे पांढरा थर, कुठे करडा प्रायमर, कुठे पिवळट पुट्टी, आणि डावं दार तर उरलेल्या रेझिनमुळे हिरवट. पक्का रंग देण्याआधी अजून चार-सहा महिने तरी घासकाम होतं. फायबर उन्हात तापलं की बारीक छिद्रं वर येतात, ती भरायची, परत घासायचं. आणि भोसरीच्या मैदानावरचं हौशी वाहनांचं प्रदर्शन मात्र नऊ दिवसांवर आलं होतं.

विजयश्री मागच्या गल्लीत राहायची. चाकणला मोटारींच्या कारखान्यात पेंट लाइनवर शिफ्टची सुपरवायझर होती. तिच्या हाताखाली चाळीस माणसं होती. प्रभाकररावांनी तिला रस्त्यात गाठून विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "मी येऊन हात लावून बघते, मग सांगते."

"मग तो सोलून काढायचा रबरी रंग?" प्रभाकररावांनी विचारलं.

"तोही नाही. खडबडीत प्रायमरवर तो छिद्रांत शिरतो. सोलताना अखंड निघत नाही, चिंध्या होतात. दोन महिने नखाने खरवडत बसाल." तिने गाडीभोवती एक फेरी मारली. "आपण आधी सीलर मारू, म्हणजे आतलं काम पाणी पिणार नाही. त्यावर साधा मॅट रंग. राखाडीकडे झुकणारा निळा. पुढे घासकाम सुरू कराल तेव्हा पॉलिश पेपरने दोन दिवसांत उतरेल."

"पण पूर्ण झाल्यासारखी दिसेल?"

"नाही. एका माणसाने केल्यासारखी दिसेल. आत्ता ती दहा जणांनी केल्यासारखी दिसते."

प्रभाकरराव हसले. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी अरुंधतीबाई मात्र हसल्या नाहीत. कप बाकावर ठेवून त्यांनी तिथेच पडलेला प्रदर्शनाचा अर्ज उचलला.

"दोघांनी केलीय ती," त्या म्हणाल्या. "इथे नाव एकट्याचंच लिहिलंय."

"संपवतोय कोण?" प्रभाकररावांनी विचारलं.

"संपलीय कुठे अजून," म्हणत त्यांनी अर्ज जागेवर ठेवला आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या.

विजयश्रीने विचारलं नाही, पण प्रभाकररावांनी आपण होऊन सांगितलं. उद्धवराव. धाराशिवकडचा माणूस, बसच्या फायबर बॉड्या करण्यात हयात गेलेली. साचे प्रभाकररावांचे आणि ओतकाम उद्धवरावांचं, अशी चार वर्षं दर शनिवार-रविवारी दोघांनी गाडी केली. मग मागचे दोन्ही पंखे, म्हणजे चाकांवरचे भाग, जोडायची वेळ आली. दोन्हीकडच्या रेषा शेपटीला एकमेकींना मिळेनात. डावा पंखा साच्यातून उद्धवरावांनी काढला होता, उजवा प्रभाकररावांनी.

"मी त्यांना म्हटलं, तुमची बाजू चुकलीय. आयुष्यभर बसचे पत्रे ठोकल्यासारखं काम केलंत, इथे मिलिमीटरला किंमत असते."

"असं म्हणालात?"

"म्हणालो. रागात होतो." त्यांनी कपातला चहा ढवळला, साखर नसतानाही. "एक शब्द बोलले नाहीत. हात पुसले, चप्पल घातली आणि गेले. तीन वर्षं झाली. चूक नसती तर माणूस बोलला असता ना?"

विजयश्रीने चहा संपवला. "काका, सोमवारी कॉम्प्रेसर तयार ठेवा," एवढंच ती म्हणाली.

ती आली ती पूर्ण तयारीने. मास्क, दोन स्प्रे गन, काचांसाठी जुनी वर्तमानपत्रं आणि टेपची अर्धा डझन रिळं. प्रभाकररावांना तिने रंग गाळायला बसवलं. गन हातात घेतली की ती बोलत नसे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात सारख्या अंतरावर, सारख्या वेगाने जायचा. कोपऱ्यावर मनगट वळायचं पण थांबायचं नाही. सोमवारी सीलर झाला, बुधवारी रंगाचा पहिला हात, गुरुवारी दुसरा.

शुक्रवारी सकाळी दोघांनी मिळून कागद काढले. हिरवं दार, पिवळे डाग, करडे पट्टे, सगळं एका शांत निळसर रंगाखाली गेलं होतं. चकाकी नव्हती, त्यामुळे प्रकाश कुठे अडखळत नव्हता. प्रभाकरराव शेडच्या दारापर्यंत मागे गेले, तिथून बघितलं, मग रस्त्यापर्यंत गेले, तिथूनही बघितलं. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांना गाडीचा आकार दिसत होता.

"झाली की गं," ते म्हणाले.

"थांबा. कमरेवर पांढरा पट्टा घेऊ. पुढून शेपटीपर्यंत, दोन बोटांचा. गाडी लांब दिसेल."

पट्ट्यासाठी तिने मापं घेतली. घेतली ती मात्र फायबरवरून नाही, खालच्या लोखंडी सांगाड्यावरच्या भोकांपासून. कंपनीत तिची तशी सवय होती. डावीकडे चार खुणा केल्या, दोरी धरली, दोरी सरळ बसली. उजवीकडे चार खुणा केल्या. तीन जुळल्या. मागच्या पंख्यावरची चौथी खूण फायबरच्या रेषेपासून बरीच वर पडली. तिने पुन्हा माप घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा प्रभाकरराव शेजारी येऊन उभे होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"चौदा मिलिमीटर. पंखा खाली बसलाय."

"डावा ना?"

"डावा बरोबर आहे काका. हा उजवा."

प्रभाकररावांनी तिच्या हातातली मापाची टेप घेतली. गुडघा टेकून स्वतः मोजलं. मग उठून डावीकडे गेले, तिथे मोजलं, परत आले. इतकी वर्षं त्यांनी डावी बाजू उजवीशी ताडून बघितली होती. उजवी कशाशी ताडावी हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं, कारण उजवी त्यांची होती. चार रंगांच्या ठिगळांत ते डोळ्यांनाही कधी दिसलं नव्हतं.

ते स्टुलावर बसले. टेपची पट्टी बाहेर ओढायची आणि आत सोडायची, असं काही वेळ चाललं.

अरुंधतीबाईंच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली तो भांडणाआधीचा एप्रिल होता. आदल्या संध्याकाळी दोघांनी उजव्या पंख्याचं ओतकाम केलं होतं आणि उद्धवराव बजावून गेले होते, उद्या रात्रीपर्यंत साच्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी अरुंधतीबाईंना आत नेलं. चार तास लागतील असं डॉक्टर म्हणाले. बाहेरच्या बाकावर प्रभाकररावांना बसवेना. ते रिक्षाने घरी आले, शेडमध्ये शिरले आणि पंखा साच्यातून काढून भिंतीला टेकवून ठेवला. त्यांना कडक वाटला होता. हाताला कोमट लागला होता, म्हणजे आतून अजून पुरता जमला नव्हता, तेही आत्ता आठवलं.

"पट्टा वर घेता येईल?" त्यांनी विचारलं.

विजयश्रीने गाडीकडे बघितलं. "येईल. दारापासून हळूहळू उचलत नेला तर मागची रेषा सरळ वाटेल. मैदानावर हजार माणसं बघतील, एकालाही कळणार नाही."

"मग घे."

तिने घेतला. अर्ध्या तासात दोन्हीकडचा पट्टा बसला आणि गाडी खरोखर देखणी दिसू लागली. निघताना तिने गन थिनरने धुऊन पिशवीत ठेवल्या. "काका, मॅट रंग आहे. कुणाला बोटं लावू देऊ नका, डाग पडतात," म्हणाली आणि दुसऱ्या शिफ्टची बस पकडायला गेली.

शनिवारी सकाळी टेम्पोवाला नागसेन टेम्पो घेऊन आला. गाडीला पासिंग नव्हतं, त्यामुळे ती रस्त्यावरून नेता येत नव्हती. फळ्या लावून, ढकलून ती वर चढवली, चाकांना दोर बांधले. अरुंधतीबाई फाटकात उभ्या होत्या. प्रभाकरराव केबिनमध्ये बसले आणि मग पुन्हा खाली उतरले.

"त्या दिवशी तुला आत नेल्यावर मी घरी आलो होतो," ते त्यांना म्हणाले. "तुला कधी सांगितलं नाही."

"मला माहीत आहे. शर्टाला रेझिनचा वास येत होता." त्या थांबल्या. "का? आज काय त्याचं?"

"काही नाही. येतो."

पिंपळे सौदागर मागे पडलं. नाशिक फाट्याकडे सरळ जायचं होतं. उजवीकडचं वळण जवळ आलं तसे प्रभाकरराव म्हणाले, "नागसेन, आधी पिंपळे गुरवमध्ये घे. दहा मिनिटं."

"मैदानावर अकराच्या आत सोडायचीय ना काका?"

"घे तू."

उद्धवराव घराच्या ओट्यावर कुणाची तरी फुटलेली पाण्याची टाकी आडवी पाडून तिला फायबरचं ठिगळ लावत बसले होते. टेम्पो थांबला तेव्हा त्यांनी वर बघितलं, आधी गाडीकडे, मग माणसाकडे. हातातला ब्रश त्यांनी डब्यात नीट उभा ठेवला आणि उठले. केस पार पांढरे झाले होते.

"या," ते म्हणाले.

प्रभाकरराव केबिनमधून खाली उतरले. उद्धवराव टेम्पोच्या डाव्या अंगाने चालत मागे गेले, वळून उजवीकडे आले. मागच्या चाकापाशी थांबले. एक डोळा मिटून रेषेवरून नजर टाकली.

"पट्टा वर घेतलाय जणू हितं."

"चौदा मिलिमीटर," प्रभाकरराव म्हणाले. "उजवा खाली बसलाय, उद्धवराव. माझा. डावा बरोबर होता. कालपर्यंत मला माहीत नव्हतं."

"मला व्हतं."

नागसेनने केबिनमधून डोकं बाहेर काढलं आणि परत आत घेतलं.

"केव्हापासून?"

"दुसऱ्या दिशी आलो तवापासून. साचा मोकळा, पंखा भिताडाला टेकलेला. हात लावला तर पोटात मऊ लागला." उद्धवरावांनी बोटांवरचं रेझिन चिंधीने पुसायला घेतलं. "वहिनी आत व्हत्या. तुमाला कशाला तरी हात लावायचा असंल. लावला."

"आणि मी तुम्हाला तसं बोललो तेव्हा? तेव्हा का नाही सांगितलंत?"

उद्धवराव बोटं पुसत राहिले. एक बोट, मग दुसरं.

"सांगितलं असतं तर तुमी तो दिवस धरून बसला असता," ते म्हणाले. मग चिंधी खांद्यावर टाकली. "पण लागलं मला. बसचे पत्रे म्हणालात ते लागलं. न्हाई म्हणत न्हाई मी."

"चुकलो मी."

"व्हय."

घड्याळात साडेदहा झाले होते. उद्धवरावांनी टेम्पोच्या फळीवर पाय ठेवला, दोराला धरून वर चढले आणि गाडीच्या मागच्या पंख्यावर तळहात फिरवला. प्रभाकररावांना डाग पडण्याचं आठवलं, पण त्यांनी हात फिरवू दिला. तळहात कमरेच्या रेषेवरून शेपटीपर्यंत गेला आणि त्याच वाटेने सावकाश परत आला.

"रंग कुणी मारला?"

"आमच्या मागच्या गल्लीत एक मुलगी राहते. चाकणला पेंट लाइनवर आहे."

"हात चांगला हाय पोरीचा. सारखा हात हाय." उद्धवराव वाकून पंख्याच्या खालच्या कडेला बोटांनी चाचपडत होते. "पंखा मुळापास्नं कापावा लागंल. साचा हाय ना अजून?"

"आहे. पण आधी भोसरीच्या प्रदर्शनाला चाललोय."

"मग आल्यावर हा रंग काढावा लागंल आपल्याला," ते म्हणाले आणि टेम्पोतून न उतरताच घरात बायकोला हाक मारली, "इंदू, चपला दे गं माझ्या."