मोटारखोलीची आतली कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. विट्याजवळच्या माळावर विहिरीशेजारी गुंडाआबांच्या पाण्याच्या मोटारीची एकखणी खोली आहे. तिच्या दाराला आतून मी होते. एका लोहाराने ट्रकच्या मोडक्या पाट्यापासून मला ठोकून काढलं. बाजारात आबांनी मला दोनदा ओढून पाहिलं आणि म्हणाले, "लय भक्कम हाय ही." त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं फुगून होते. खरं सांगू का, आतल्या कडीला कोण विचारतो? मोटार चालू करून माणसं निघून जात आणि मी गंजत लोंबत राही.

मग तो साथीचा उन्हाळा आला. आबांचा मुलगा धनाजी लांब दक्षिणेतल्या एका शहरात गलाईचं, म्हणजे सोनं गाळण्याचं काम करायचा. दुकानं बंद झाली तसा तो परतला आणि घरी न जाता थेट इथंच उतरला. चौदा दिवस वेगळं राहायचं होतं. मला वाटलं, चला, आता तरी काम मिळालं! पण त्याने मला कोयंड्यात अडकवलं आणि दार नीट लागलंय का, ते लगेच ओढून पाहिलं. त्याची भीती माझ्यातही उतरली.

भट्टीच्या धुराने त्याला जुना खोकला होता. पण त्या दिवसांत खोकला ऐकला की माणसं चार पावलं मागं सरत. आपल्यामुळे सहा वर्षांच्या लेकीला, प्रांजलला काही झालं तर, या धास्तीने तो मला पुन्हा पुन्हा चाचपून पाही. पहिल्या दिवशी दोनदा. आठव्या दिवशी मी मोजणंच सोडलं.

त्याची बायको दीपमाला बाहेरच्या दगडावर डबा ठेवी. "आवं, डबा ठिवलाय," म्हणे आणि लगेच माघारी फिरे. तो बोलत नसे. घरच्यांना वाटे, दमलाय बिचारा, निजू दे. तिथंच चुकलं. तो निजत नव्हताच. भिंतीकडे तोंड करून पुटपुटत बसे, "अर्जुना, तुला एकट्याला सोडून आलो रं." अर्जुना हा त्याचा दुकानातला जोडीदार. साथीत तिकडेच गेला आणि धनाजीला त्याचं तोंडही पाहता आलं नाही. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला सगळं ऐकू येई, पण मी सांगणार कुणाला? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते मी त्या खोलीत पाहिलं.

चौदा दिवस सरले. ताप नाही, काही नाही. तरी त्याने मला काढलं नाही. दगडावरचे डबे तसेच भरलेले राहू लागले.

तेव्हा आबा आले. त्यांनी उभा जन्म मेंढरांमागे काढलेला. माळावर मेंढके लांब लांब पांगतात. एकाने हाळी दिली की दुसऱ्याने उलट हाळी द्यायचीच, आणि ती आली नाही तर मेंढरं तिथंच टाकून धावायचं, असा त्यांचा नेम. आबा समोरच्या बाभळीखाली घोंगडं टाकून लोकर कातत बसले.

"धनाजी रंऽऽ! बोलू नगं. नुसती हाळी दे."

बऱ्याच वेळाने आतून बारीक आवाज आला, "होऽ." तीन दिवस असंच चाललं. मला जरा धीर आला.

चौथ्या दिवशी दुपारी हाळी आली, उत्तर गेलं नाही. दुसरी आली. तिसरी आली. धनाजी जमिनीवर बसला होता, डोळे सताड उघडे. हा आता जिवाचं काही बरंवाईट करून घेतो की काय, या भीतीने मी गार पडले. बाहेर डबा घेऊन आलेल्या दीपमालाने हंबरडा फोडला. आबा धावत आले आणि दाराला खांदा लावला. मी मात्र भक्कम! जन्मात पहिल्यांदा मला माझ्या भक्कमपणाची लाज वाटली. मोड गं बाई, मोड, असं मी स्वतःलाच विनवत होते. तिसऱ्या धक्क्याला कोयंडा चौकटीतून उखडला आणि मी वाकडी होऊन खाली पडले.

आबांनी तोंडाला पटक्याचं टोक गुंडाळलं आणि ते उंबऱ्यावर बसले. रागावले नाहीत.

"हाळी का न्हाई दिलीस रं?"

"आबा, आवाजच फुटंना. जगावं असंच वाटंना झालंय."

आबांनी उंबऱ्यावरच मांडी घातली. "सांगितलंस, लय बरं केलंस. आता मी हितनं हालत न्हाई."

मग अर्जुनाची गोष्ट बाहेर आली, रडणंही आलं. गावच्या आशा सेविका मायाताई यांनी फोनवरून मनाच्या डॉक्टरांशी गाठ घालून दिली. औषधं कित्येक महिने चालली. आबा रोज त्याच्याजवळ बसत.

आता मी घरातल्या खिळ्यांच्या डब्यात पडून आहे. धनाजी मला सरळ करून पुन्हा ठोकायला निघाला होता. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ह्या दाराला आतनं कडी नगं." मला वाईट वाटलं नाही. तो अजूनही कधी कधी गप्प होतो. मग अंगणातून प्रांजल हाळी देते, आणि तिकडून "होऽ" येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो.

मित्रांनो, घरातलं माणूस गप्प झालं तर डबा ठेवून माघारी फिरू नका. हाळी द्या, उत्तराची वाट बघा. आलं नाही तर दार मोडा. कडीचं काय, बाजारात दुसरी मिळते.