शिक्क्यावरची अकरा तारीख

मित्रांनो, तुमच्या मुठीत सहज मावेन असा मी वाचनालयातला जुना तारखेचा शिक्का. माझी मूठ सागवानी. खाली लहान चाकं आणि त्यांवर रबरी पट्टे, एकावर दिवस, एकावर महिने, एकावर वर्षं. नगरच्या एका कारागिराने मला घडवलं आणि देवळाली प्रवराजवळच्या एका गावी पाठवलं. तेव्हापासून मी तिथल्याच वाचनालयात आहे. वर्षांचा पट्टा केव्हाच संपला, वर्ष आता पेनाने लिहितात. पण दिवस आणि महिने संपत नाहीत, म्हणून माझंही काही अडत नाही.

एके काळी माझा फार मान होता. पुस्तक घरी न्यायचं तर आधी माझा ठसा लागे. लहान मुलं टाचा उंचावून बघत. एखादी धीट पोर तळहातावरही ठसा मारून घेई. मग संगणक आला आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. टाचण्यांच्या डबीशेजारी सहा वर्षं पडून होतो.

मला बाहेर काढलं ते गोष्टींच्या स्पर्धेने. जिल्ह्यातल्या वाचनालयांनी मिळून ती तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी ठेवली होती. गोष्ट आपल्या वाचनालयात द्यायची आणि तिच्यावर दहा डिसेंबरपर्यंतचा ठसा हवा, असा नियम. ग्रंथपाल सुमनबाईंनी मला पुसलं, शाईच्या गादीवर टेकवलं. पहिलाच ठसा लख्ख उठला.

सुमनबाईंना एक खोड होती. सकाळी पेपर वाचणाऱ्यांची गर्दी होते, म्हणून त्या संध्याकाळीच माझं चाक उद्यावर फिरवून ठेवत. दहा डिसेंबरलाही त्यांनी मला अकरावर आणलं, तोच दहावीतली निकिता सायकल टाकून धापा टाकत आत आली.

"काकू, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ताच सोडला नाही. घेता ना?"

"घेते गं. आधी हजेरीच्या वहीत सही कर, मग श्वास घे."

निकिताने वहीत नाव, तारीख, वेळ लिहिली. सुमनबाईंनी बोलता बोलता मला गोष्टीवर टेकवलं. मला कळत होतं, पण मला बोलता कुठे येतं? अकरा तारीख उठली.

आठ दिवसांनी गोष्ट नगरहून परत आली. वर शेरा होता, 'मुदतीनंतर दिलेली. वाचलेली नाही.'

निकिता पाकीट धरून उभी राहिली. "पहिल्यांदाच लिहिली होती, काकू. आजीच्या शेळीची. कुणी वाचलीसुद्धा नाही?"

रोज पेपर वाचायला येणारे सहादूबाबा पेपरामागून म्हणाले, "सुमनबाई, तुमचा शिक्का लई पुढारलेला हाय. आपन दहात, ह्यो अकरात." मग पेपर खाली करून हळूच म्हणाले, "फिरवा की एक दात मागं, अन् मारा नव्या कागदावर. कुनाला कळतंय?"

सुमनबाईंनी मला उचललं. अंगठा चाकावर ठेवला. निकिता बघत होती. मग त्यांनी अंगठा काढून घेतला.

"नाही बाबा. एक ठसा खोटा मारला, तर याचे आजवरचे ठसे कोण खरे धरील?"

दुसऱ्या दिवशी मला, ती गोष्ट आणि हजेरीची वही पिशवीत घालून त्या एसटीने नगरला गेल्या. स्पर्धेच्या प्रमुखांसमोर त्यांनी वही उघडली. निकिताच्या अक्षरात लिहिलेलं होतं, दहा डिसेंबर, पावणेसात.

"चूक मुलीची नाही, साहेब. माझी आहे. तसं लिहून देते."

"बाई, चाक मागे फिरवलं असतंत तर एवढा हेलपाटा पडला नसता."

"चाक मागे फिरवायचं नव्हतं, म्हणूनच हेलपाटा घातला."

ते थोडं हसले, आणि निकिताची गोष्ट वाचायच्या गठ्ठ्यात ठेवली.

तिला बक्षीस मिळालं नाही. पण निवडक गोष्टींचं पुस्तक निघालं, त्यात तिच्या आजीची शेळी ऐटीत उभी आहे. ते पुस्तक आलं त्या सकाळी सुमनबाईंनी दार उघडलं, कॅलेंडर पाहिलं, आणि मगच माझं चाक फिरवलं. पेपर वाचणारे खोळंबले.

"आज कितीत हाय ह्यो?" सहादूबाबांनी विचारलं.

"आजच्यात," सुमनबाई म्हणाल्या, आणि पहिल्या पानावर माझा ठसा उठवला. पुस्तक पहिल्यांदा घरी नेलं ते निकिताने.

मित्रांनो, माझी निगा राखणं अवघड नाही. रबर ओल्या फडक्याने पुसा, शाई वाळू देऊ नका, आणि चाक सकाळीच फिरवा. उद्याची तारीख मी उद्या दाखवीन. आज मला आजचाच राहू द्या.