मूळ नसलेली नक्कल

"रद्द म्हणायच्या आधी दार स्वतः ढकलून बघ, बाई. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबू नकोस."

निवृत्त होताना थोरल्या बाईंनी एवढंच बजावलं होतं. त्यांच्या खुर्चीत आता त्यांच्या हाताखाली शिकलेली धाकटी बसायची. कंपनी रुग्णांच्या अंगात औषध सोडणारे पंप बनवायची, आणि पंपांच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषांना क्रमांक देणं हे धाकटीचं काम. तक्रार आली की राखीव गठ्ठ्यातला एक क्रमांक तिला लावायचा, खातरजमा झाली की माहितीसकट जाहीर करायचा. दोष खोटा किंवा दुबार निघाला तर क्रमांक रद्द. मग दवाखान्यांना त्याची गंधवार्ताही लागत नाही.

ही तक्रार तिच्या सख्ख्या ताईची होती. ताई परिचारिका. चुकीचा पासवर्ड टाकून मागे जायचं बटण दाबलं की म्हणे पंप उघडतो. कुणीही यावं आणि औषधाची मात्रा बदलावी!

"तुमच्याकडे दडपतील गं हे," ताई म्हणाली होती.

"मी बसलेय ना तिथे. सगळ्या दवाखान्यांना कळेल. शब्द देते."

"तू? तुला भाजीवालीशी घासाघीस जमत नाही!"

आज साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले, तेही दोन चहा घेऊन. एरवी पाणीसुद्धा न विचारणारा माणूस! धाकटीच्या मनात पाल चुकचुकली.

"तो पंपाचा क्रमांक रद्द करून टाका. दुबार आहे. हा बघा जुना."

तिने जुना क्रमांक उघडला. नुसताच राखीव. आत एक अक्षर नाही.

"साहेब, हा तर रिकामा आहे."

"भरू की सावकाश. आकडा लहान आहे ना? म्हणजे आधीचा."

वर्षाच्या सुरुवातीलाच क्रमांकांचा गठ्ठा राखून ठेवतात आणि त्यातला कुठलाही कधीही वापरतात, हे साहेबांना ठाऊक नव्हतं थोडंच! आकडा लहान म्हणून तक्रार जुनी होत नाही.

"मूळच कोरं, मग नक्कल कशाची म्हणायची?"

"पुढच्या आठवड्यात मोठ्या ऑर्डरवर सह्या आहेत," साहेबांचा आवाज खाली आला. "समजून घ्या. चहा घ्या, निवतोय."

"बघते हं," ती म्हणाली.

पण संशयाला एकच दिशा थोडीच असते? ताईचंच चुकलं असलं तर? बहीण म्हणून आपणच डोळे झाकले असले तर? ती उठून चाचणीच्या खोलीत गेली. पंप चालू केला, मनाला येईल तो पासवर्ड टाकला, मागे जायचं बटण दाबलं.

मात्रेचा आकडा समोर लुकलुकू लागला, बदलायला मोकळा.

ती परतली तेव्हा चहावर साय धरली होती. केबिनच्या किलकिल्या दारातून साहेबांनी विचारलं, "झालं का रद्द?"

"नाही, साहेब. ढकलून बघितलं. उघडतंय."

कंपन्यांच्या क्रमांकांवर देखरेख करणारी एक संस्था बाहेर होती. वाद तिच्याकडे नेता यायचा. साहेब खुर्ची सरकवून उठत होते. धाकटीने कप हलकेच बाजूला ठेवला, ई-मेलमध्ये त्या संस्थेचा पत्ता घातला आणि लिहायला घेतलं.